म्हातारपण लांबवणाऱ्या गोळ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न मला कुणी ना कुणी विचारलेले आहेत; दोन-तीन माझे मलाच पडले होते. मी डॉक्टर नाही. चार वर्षं रोज सकाळी सात गोळ्या गिळणारा आणि मग एके दिवशी त्यातली एकेक तपासून पाहायला बसलेला माणूस आहे. सातांतली आज एकच उरली आहे. ती कोणती, ते ओघात येईलच.

रोज सप्लिमेंट घेतल्याने म्हातारपण लांबतं का? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात जमणार नाही, दोन लागतील. शरीरात जे कमी आहे ते गोळीने भरून काढलं तर फरक पडतो, आणि कधी कधी तो डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. जे पुरेसं आहे त्यात आणखी भर घातल्याने निरोगी माणसाचं आयुष्य वाढतं, हे मात्र माणसांवरच्या चाचण्यांतून आजवर सिद्ध झालेलं नाही.

जाहिराती या दोन वाक्यांची बेमालूम सरमिसळ करतात. 'अमुक जीवनसत्त्व हाडांना आवश्यक आहे' हे खरंच असतं. 'मग दुप्पट घेतलं तर हाडं दुप्पट टिकतील' हे पुढचं वाक्य कुणी छापत नाही, ते आपण मनातल्या मनात जोडतो. तेल संपत आलेल्या दिव्यात तेल घातलं तर तो तेवत राहतो. काठोकाठ भरलेल्या दिव्यात ओतलं तर फक्त ओघळतं.

पण गोळ्या सुरू केल्यापासून मला खरंच तरतरी वाटते. ती काय खोटी?

तरतरी खरी आहे. श्रेय कुणाचं, एवढाच वाद आहे. तुमचं बी-१२ किंवा लोह कमी असेल तर श्रेय गोळीचं. नसेल तर जरा आठवून पाहा: गोळ्या सुरू केल्या त्याच महिन्यात चालायला जाणंही सुरू झालं होतं का? रात्रीचं जागरण कमी झालं होतं का? माणूस स्वतःकडे लक्ष द्यायला लागतो तेव्हा चार गोष्टी एकदम बदलतो आणि नाव होतं बाटलीचं.

याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' नावाच्या जुन्या चाचणीत सापडतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना कोलेस्टेरॉलचं औषध दिलं होतं आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ही बिनऔषधाची गोळी नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले. तीच गोळी चुकवणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. जवळजवळ दुपटीचा फरक, आणि गोळीत औषधाचा कणही नाही! नेमाने गोळी घेणारा माणूस बाकीच्या बाबतींतही नेमाचा असतो, त्याचा हा परिणाम.

म्हणून 'व्हिटॅमिन घेणारे लोक जास्त जगतात' अशी बातमी दिसली की मी एकच गोष्ट शोधतो. गोळी कुणी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, की लोकांनी आपापल्या मर्जीने घेतली होती? दुसरं असेल तर पुढचं वाचण्यात फार अर्थ नसतो.

अँटिऑक्सिडंट तरी चांगलेच ना? पेशींचा गंज थांबवतात म्हणे.

या कल्पनेचा उगम १९५६ सालचा. डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं की श्वासोच्छ्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा वापर होताना पेशींत 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात, ते पेशींची मोडतोड करतात आणि ती साचत गेली की म्हातारपण येतं. अँटिऑक्सिडंट या रेणूंना शांत करतात. तेव्हा ते जास्त घ्या, म्हातारपण लांबवा. ऐकायला इतकं चोख, की निदान तीन पिढ्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

मग चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन (गाजराला रंग देणारं अँटिऑक्सिडंट), व्हिटॅमिन ई (तेही अँटिऑक्सिडंटच), दोन्ही किंवा बिनऔषधाची गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. कमी नव्हे, जास्त. अमेरिकेत 'कॅरेट' नावाची तशीच चाचणी चालू होती. धूम्रपान करणारे, पूर्वी करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले १८ हजारांवर लोक तिच्यात होते आणि त्यांना बीटा कॅरोटीनच्या जोडीला व्हिटॅमिन ए दिलं जात होतं. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ च्या सुरुवातीला गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. पुढे ३५ हजारांवर पुरुषांच्या 'सिलेक्ट' चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. रोग परवडला पण औषध नको, ती ही तऱ्हा.

असं का झालं असावं? हे 'उपद्रवी' रेणू निव्वळ कचरा नाहीत, पेशी त्यांचा निरोप्यासारखाही वापर करतात. २००९ च्या एका प्रयोगात तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला आणि त्यांतल्या काहींना रोज १,००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो. तो गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये सुधारला, घेणाऱ्यांमध्ये नाही. व्यायामाने पाठवलेला निरोप गोळीने वाटेतच अडवला. माझ्या सातांपैकी दोन गोळ्या याच होत्या, सी आणि ई. आणि मी त्या व्यायामाला जायच्या आधी घ्यायचो!

इतका मोठा शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग व्हिटॅमिन सी मूठभर घ्यायचा आणि ९३ वर्षं जगला. त्याचं काय?

दोन नोबेल मिळवणारा माणूसही स्वतःच्या आवडत्या कल्पनेच्या प्रेमात पडू शकतो. ९३ वर्षं व्हिटॅमिन सी न घेताही पुष्कळजण जगतात. एका माणसावरून काही ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसं.

मल्टिव्हिटॅमिन रोज एक घेतली तर?

आयुष्य वाढत नाही, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांची वीस वर्षांहून अधिक काळाची माहिती २०२४ मध्ये तपासली गेली. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांचा मृत्युदर न घेणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. इथे लोक आपापल्या मर्जीने गोळी घेत होते हे खरं. पण मर्जीने घेणारे सहसा जास्त काळजी घेणारे असतात, म्हणजे तराजू गोळीच्या बाजूला झुकलेला असतो. तरीही पारडं हललं नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरच्या चाचणीत (निकाल २०१२) कर्करोगाचं एकूण प्रमाण ८ टक्के कमी आलं, हृदयविकारात फरक नाही. २१ हजारांवर ज्येष्ठांच्या 'कॉसमॉस' चाचणीत कर्करोग कमी झाला नाही, पण स्मरणशक्ती आणि आकलन मोजणाऱ्या तीन उपचाचण्यांत मल्टिव्हिटॅमिन घेणारे थोडे पुढे राहिले. संशोधकांच्या हिशेबाने बुद्धीचं वय सुमारे दोन वर्षांनी मागे, इतपत.

मला हा निकाल रोचक वाटतो. पण तो चाचणीतल्या गुणांमधला सरासरी फरक आहे, स्मृतिभ्रंश टळला असं कुणी दाखवलेलं नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने साधी मल्टिव्हिटॅमिन घेतली तर मी हटकणार नाही. तिशीतल्या माणसाला मात्र विचारेन, कशासाठी?

व्हिटॅमिन डी?

कमी असेल तर जरूर घ्या. कमी नसेल तर 'व्हायटल' चाचणीकडे पाहा: २५,८७१ माणसं, रोज २,००० युनिट डी, पाच वर्षांहून थोडा अधिक काळ. कर्करोग आणि हृदयविकार कमी झाले नाहीत, हाडं मोडण्याचं प्रमाणही नाही. शरीर स्वतःवरच उलटतं त्या प्रकारचे आजार, म्हणजे ऑटोइम्यून आजार, २२ टक्के कमी झाले. ही एक जमेची बाजू. याच चाचणीतल्या हजारेक लोकांमध्ये गुणसूत्रांच्या टोकांवरच्या 'टेलोमिअर' या आवरणांची झीज चार वर्षांत डी घेणाऱ्यांमध्ये कमी झाल्याचं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि लगेच 'डी ने तारुण्य टिकतं' असे मथळे आले. टेलोमिअर लांब राहिले म्हणजे माणूस निरोगी राहिला असं सरळ गणित नाही. जन्मजात लांब टेलोमिअर असणाऱ्यांमध्ये काही कर्करोग जास्त आढळतात.

डी अंगात साठतं हे लक्षात असू द्या. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा साधारण ४,००० युनिट मानली जाते. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या डोसची गोळी चुकून रोज घेणारे लोक असतात. त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात आणि प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं.

ओमेगा-थ्रीने 'जैविक वय' कमी होतं असं वाचलं.

तुम्ही वाचलं ते स्वित्झर्लंडमधल्या सत्तरीपुढच्या ७७७ लोकांबद्दलचं असणार. त्यांतल्या काहींनी तीन वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-थ्री घेतलं. डीएनएवरच्या खुणांवरून वय मोजण्याच्या काही पद्धतींनुसार त्यांचं वय तीन वर्षांत सुमारे तीन-चार महिन्यांनी कमी वाढलं.

आता 'जैविक वय' म्हणजे काय ते पाहू. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा असतात आणि वयाप्रमाणे त्यांची मांडणी बदलत जाते. स्टीव्ह हॉरव्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा निवडून वय ओळखणारं गणित, म्हणजे एक 'घड्याळ', बसवलं. लाखो लोकांच्या अभ्यासाला हे साधन उत्तम आहे. एकट्या माणसाने नमुना पाठवून 'माझं वय ४२ आलं, गेल्या वर्षी ४५ होतं' म्हणणं वेगळं. वेगवेगळी घड्याळं एकाच माणसाचं वेगवेगळं वय सांगतात, आणि घड्याळाचा काटा मागे सरकवला म्हणून दिवस मागे जात नाही.

ओमेगा-थ्रीचा डोस वाढवत नेला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, हेही मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे.

रेस्व्हेराट्रॉल, एनएमएन... ही नवी नावं काय आहेत? मित्र रोज घेतो.

माझ्या सातांपैकी सर्वांत महागड्या दोन, त्यामुळे इथे थोडा वेळ घेतो.

रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षांच्या सालीत असणारं द्रव्य. हार्वर्डचे डेव्हिड सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याने यीस्टचं आयुष्य वाढतं असं दाखवलं, २००६ मध्ये भरपूर चरबी खाऊ घातलेले उंदीर त्यामुळे जास्त जगल्याचं आलं. या संशोधनातून उभी राहिलेली कंपनी २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ७२ कोटी डॉलरला घेतली. त्यातून म्हातारपणावरचं औषध काही आलं नाही, आणि काही वर्षांतच तो विभाग गुंडाळला गेला.

एनएमएन आणि तिच्याच जातीची एनआर ही गोळी यांची गोष्ट वेगळी. पेशींना ऊर्जा बनवताना 'एनएडी' नावाचा रेणू लागतो, वयाप्रमाणे काही ऊतींमध्ये तो कमी होतो आणि या गोळ्यांनी तो रक्तात वाढतो. इथपर्यंत ठीक. पण वाढल्याने माणूस जास्त किंवा चांगला जगतो का, ही पुढची पायरी रिकामी आहे. आतापर्यंतच्या चाचण्या लहान आणि थोड्या मुदतीच्या. ताकद किंवा चयापचय यांतले फायदे एका चाचणीत दिसतात, दुसरीत नाहीत.

उंदरांच्या बाबतीत एक चाळणी मला फार उपयोगी वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक कार्यक्रम आहे. एकच पदार्थ तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, एकाच वेळी, मिश्र वंशाच्या उंदरांना देऊन ते किती जगतात हे पाहतात. एका प्रयोगशाळेतला योगायोग इथे टिकत नाही. या चाळणीतून रेस्व्हेराट्रॉल गळलं. हळदीतलं कर्क्युमिन गळलं, ग्रीन टीचा अर्क गळला, फिश ऑइल गळलं, एनआरही गळलं. माझ्या टेबलावरची अर्धी रांगच त्या यादीत होती, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

त्या चाळणीतून काहीच पार झालं नाही?

झालं की. रॅपामायसिन. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं, अवयव प्रत्यारोपणानंतर वापरलं जाणारं औषध. २००९ मध्ये दिसलं की ६०० दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबात साठीला आलेल्या उंदरांना ते सुरू केलं तरी त्यांचं आयुष्य वाढतं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, सप्लिमेंट नव्हे. माणसात ते वय वाढवतं हे सिद्ध झालेलं नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचंही नाव घेतलं जातं. त्याने उंदरांत एकट्याने फारसं काही केलं नाही आणि ज्येष्ठांवरच्या एका चाचणीत व्यायामाने स्नायू वाढायचे ते कमी वाढले. मधुमेह असेल तर ते उत्तम औषध आहे, चालू ठेवा.

टॉरिन?

टॉरिन हे शरीरात तयार होणारं आणि मासे-मांसातही असणारं एक आम्ल. २०२३ मध्ये टॉरिन दिलेले उंदीर १० ते १२ टक्के जास्त जगले आणि वयाप्रमाणे टॉरिन घटतं असं मांडलं गेलं. २०२५ मध्ये दुसऱ्या गटाने माणसांत मोजून पाहिलं, तर वयाप्रमाणे ते बहुधा तेवढंच राहतं किंवा वाढतं. दोन वर्षांत बाटल्या मात्र भरपूर खपल्या.

कोलॅजनने सुरकुत्या जातात?

पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात; ते थेट गालावर जाऊन बसत नाही. काही चाचण्यांत त्वचा सुधारल्याचं दिसतं. २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कंपन्यांच्या पैशाने न झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. उन्हापासून त्वचा जपणं जास्त कामाचं.

नैसर्गिक, वनस्पतींपासून केलेलं असेल तर अपाय कसला?

अफूही वनस्पतीच. अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला की डोस स्वयंपाकातल्या चिमटीचा राहत नाही. हळदीच्या कॅप्सूलमध्ये ती जास्त शोषली जावी म्हणून मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. अश्वगंधेबद्दलही तसंच. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये सांगितलं की त्यातल्या ईजीसीजी या घटकाचे रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम वाढू शकतात; यकृताला इजा होत असल्याची ती खूण असते. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसू लागली तर गोळी बंद करा, बाटली सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

मग गोळी खरोखर कुणाला लागते?

पुष्कळांना. गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीला फॉलिक ॲसिड. त्याने बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष कमी होतात, यात शंका नाही. तपासणीत लोह किंवा डी कमी आलेल्यांना. दृष्टिपटलाचा मधल्या टप्प्यातला वार्धक्यजन्य आजार असणाऱ्यांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांची गोळी. तिने आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. (तिच्या जुन्या मिश्रणात बीटा कॅरोटीन होतं, नंतर त्याजागी ल्युटीन आलं. कारण वर आलंच आहे.) ज्येष्ठांनी वजनं उचलण्याच्या व्यायामाला क्रिएटिनची (स्नायूंना ऊर्जा पुरवायला मदत करणाऱ्या द्रव्याची) जोड दिली तर ताकदीत थोडी भर पडते, व्यायामाशिवाय फारशी नाही.

आणि बी-१२. शाकाहारी, पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षं घेणारे, मेटफॉर्मिन घेणारे आणि एकूणच वय वाढलेले लोक यांच्यात ते कमी पडण्याची शक्यता जास्त असते. हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा या तक्रारी लोक 'वय झालं' म्हणून सोडून देतात आणि बी-१२ च्या कमतरतेचीही हीच लक्षणं असतात. माझी उरलेली एक गोळी ती हीच. साधी, स्वस्त, आणि बाटलीवर तारुण्याचा शब्दही नसलेली.

दुसरी औषधं चालू आहेत. सोबत घेतलं तर चालेल?

विचारल्याशिवाय नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर व्हिटॅमिन के त्याचा परिणाम खोडून काढतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं. केसांसाठी घेतलेलं बायोटिन हे जीवनसत्त्व तर मोठं फसवं: ते रक्ताच्या तपासण्याच बिघडवतं. थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, आणि हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिनची चाचणी खोटी 'कमी' दाखवू शकते. रक्त द्यायच्या आधी काय काय घेता ते सांगा. व्हिटॅमिन हे औषध नाही असं समजून लोक नेमकं तेच सांगत नाहीत. मीही सांगत नव्हतो.

बाटलीवर छापलेलं तितकंच आत असतं का?

दरवेळी नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्यापूर्वी ते उपयोगी आहे हे सरकारपुढे सिद्ध करावं लागत नाही. औषधाला जी अग्निपरीक्षा असते, ती इथे नाही. निर्मात्याशी संबंध नसलेल्या संस्थेने तपासून दिलेलं चिन्ह असेल तर आतला माल लेबलाप्रमाणे आहे इतकंच कळतं. तो उपयोगी आहे, हे नाही.

सगळ्या बंद करायच्या ठरवल्या तर एकदम करू?

डॉक्टरांनी सांगितलेल्या असतील तर त्यांना विचारूनच. स्वतःहून सुरू केलेल्या असतील तर मी एकेक करून सोडल्या, दोघींत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवून. प्रत्येक वेळी वहीत झोप, थकवा, पोट यांची रोज एक ओळ लिहिली. सहा गोळ्या गेल्या आणि वहीवरून कुठली कधी गेली ते ओळखता येईना. बी-१२ मात्र सोडण्याआधी रक्त तपासलं. गोळी चालू असूनही आकडा कसाबसा हद्दीत होता, म्हणून ती ठेवली.

आठवड्याच्या खणांच्या डबीत सगळ्या गोळ्या ओतून ठेवल्या तर चालतं का?

चालतं, पण मूळ बाटल्या फेकू नका. काही झालंच तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतील ते नाव आणि डोस, आणि 'ती पिवळी लांबट' या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. त्या मुठीने खाल्ल्या तर मुलाच्या जिवावर बेततं.